नारळ खालच्या आळीपासून

ठाणे, ६ फेब्रुवारी १९५२

तीर्थरूप नाथादादास,

नमस्कार. साष्टांग घालायला कंबर तयार आहे, मन तयार नाही, म्हणून नुसताच. मी कचेरीत सही करून वासंतीशी लग्न केलं, लग्नाची गाणी, धवले, म्हणणारी धवलारीण बसवली नाही, हळद लावली नाही, म्हणून तू मला 'माजी पायरी चढू नको' म्हणालास, त्याला आता चार वर्षं होतील. मी चढलो नाही. हे पत्र घेऊन टपालवाला चढेल, त्याला अडवू नकोस.

काल आपली बहीण आवडी कोर्टात आली होती. मी एका बांधाच्या भांडणात उभा होतो. सुटलो तेव्हा पाहतो तर बाहेर झाडाखाली टोपली घेऊन बसलेली. मला वाटलं, पोरीच्या, जयाच्या लग्नाचं बोलावणं घेऊन आली. म्हटलं, चला, एका घराला तरी आमची आठवण आहे. तर म्हणते, "परश्या, मना वालीत टाकलंय रं."

तिने जे सांगितलं ते खाली मांडतो. चुकत असेल तर दुरुस्त कर. निवडणुकीच्या आधी गावकीने गावदेवीपुढे नारळावर हात ठेवून ठरवलं, की पाड्याची सगळी मतं मिठागरवाल्या शेठच्या माणसाला द्यायची, कारण तो खाडीचा फुटलेला बांध बांधून देणार आहे. मोजणी झाली. शेठचा माणूस आला. पण आपल्या पाड्याचं एक मत त्याच्याविरुद्ध उभ्या मारुती मास्तरांच्या पेटीत सापडलं. एक! तुम्हाला विजयाचा पेढा गोड लागेना. गावकी बसली आणि ठरलं, की घराघराने देवीचा नारळ उचलून म्हणायचं, 'मी शब्द मोडला नाही.' नारळ आवडीपाशी आला तेव्हा ती म्हणाली, मी उचलणार नाही, मत माझं आहे. सापडला चोर! तिचं पाणी बंद, लावणीला तिच्या शेतात कुणी उतरायचं नाही, आणि वैशाखात जयाच्या लग्नाला धवलारीण ठमाबाईने धवले गायला जायचं नाही.

धवलारणीवाचून आपल्यात हळद लागत नाही. हे मला कोण सांगतं? ज्याने त्यापायी भावाला तोडलं तोच. मग त्याच्या सख्ख्या भाचीची हळद कशी लागणार, हे त्यानेच सांगावं.

आणि एक राहिलं. नारळ नेहमी पाटलाच्या घरून, म्हणजे वरच्या आळीच्या आपल्या दारातून निघतो. आजोबांनी पहिला उचलला, बाबांनी पहिला उचलला, आजवर तूही. या खेपेला म्हणे तूच म्हणालास, 'खालच्या आळीपासून सुरू करा.' वा रे लोकशाही! गरिबांना पहिला मान कशाचा, तर चोर ठरण्याचा. आवडीचं घर खालच्या आळीत शेवटचं. तिच्यापाशी नारळ अडला तो तसाच देवळात परत गेला, वरच्या आळीला हातही लावावा लागला नाही. फार सोयीचं झालं.

दादा, मतपेटीपुढचा तो पडदा सरकारने शोभेला लावला नव्हता. विलायतेत अगदी परवापरवापर्यंत, म्हणजे १८७२ सालापर्यंत, मतदाराला चव्हाट्यावर उभं राहून मोठ्याने सांगावं लागे, माझं मत अमक्याला. समोर जमीनदाराचा कारकून बसलेला. नको ते नाव तोंडातून निघालं की संध्याकाळी बिऱ्हाड रस्त्यावर. लोकांनी पन्नास वर्षं डोकं फोडलं तेव्हा कुठे तो पडदा आला. आपल्याकडे तो आयता आला, म्हणून त्याची किंमत नाही. यादी करायला माणूस आला तेव्हा पाड्यातल्या निम्म्या बायकांनी 'अमक्याची बायको' म्हणून सांगितलं आणि मत घालवलं. आवडीने ठणकावून स्वतःचं नाव सांगितलं होतं. तेव्हा तूच मिशीत हसून म्हणाला होतास म्हणे, 'आमची आवडी धीटाय.'

वासंती विचारते आहे, भावाला पत्र लिहिता आहात की जज्जाला? म्हणून थांबतो. बहिष्कार उठव.

परशुराम


ठाणे, २७ फेब्रुवारी १९५२

नाथादादास,

तुझं कार्ड पोहोचलं. माझं पत्र तू चावडीत मोठ्याने वाचून दाखवलंस हेही कळलं. विलायतेच्या भागाला लोक हसले म्हणे. हसू दे.

तू लिहितोस, 'गावचा मामला गावात. ज्याच्या पंगतीला बसायचं नाही त्याच्या पंगतीला आम्ही बसणार नाही. ही आमची स्वतंत्रता. तूच ठाण्याच्या वाचनालयात बोललेलास.'

बोललो होतो! तीन वर्षांपूर्वी बहिष्काराविरुद्ध कायदा झाला तेव्हा मी उभा राहून म्हणालो होतो, की सरकार आता पंगतीत कुणाशेजारी कोण बसेल हेही ठरवणार काय? टाळ्या पडल्या. त्या टाळ्या तू तिकडे गावात, कोपरला बसून ऐकशील आणि माझ्याच तोंडावर मारशील हे ठाऊक असतं तर सर्दीचं निमित्त करून घरी राहिलो असतो.

तरी मी शब्द मागे घेत नाही. या सरकारने मला कमी छळलेलं नाही. ज्या कायद्यांनी गोरे साहेब आपल्याला चौकशीवाचून आत टाकत, तसाच कायदा आपल्या लोकांनी घटनेची शाई वाळायच्या आत केला. बोलण्याचा हक्क दिला आणि दीड वर्षाच्या आत त्याला ठिगळ लावलं. देवीला ताडी दाखवायची तर आज फौजदाराची भीती. कुणाला कुणावर विश्वास म्हणून नाही. दरेक माणसाला लहान पोर समजून दुसरा कुणीतरी त्याचं भलं करायला निघालेला. साडेसातशे वर्षांपूर्वी विलायतेच्या सरदारांनी राजाला घेरून लिहून घेतलं, की कुणाला उगीच धरणार नाही. त्या सरदारांना रयतेचं काही पडलं नव्हतं. त्यांना स्वतःची मान वाचवायची होती. पण एकदा लिहिलेलं पुढे रयतेच्या कामी आलं. हक्क असेच येतात, भलत्याच माणसाच्या हातून, भलत्याच कारणाने. आणि जातातही असेच, भलं करणाऱ्यांच्या हातून.

पण म्हणून तुझं कार्ड बरोबर ठरत नाही. तुला आवडीच्या मांडवात जेवायचं नसेल तर जेवू नकोस. उपाशी राहा. तुला कुठल्याही कायद्याने पाटावर बसवू नये असं मी आजही म्हणतो. पण ठमाबाईला जायचं आहे! तिने आवडीला निरोप धाडला, की 'मी येतंय, पन पाटील बोललाय, गेलीस तर तुजी पन तीच गत.' ही तुझी स्वतंत्रता नव्हे. ही ठमाबाईची स्वतंत्रता तू कनवटीला लावली आहेस. तू जाऊ नको. पण तिचे पाय बांधणारा तू कोण?

आणि मारुती मास्तरांना एक मत पडलं म्हणून एवढा थयथयाट? मास्तर काय चोर आहेत? मिठाच्या सत्याग्रहात तू आणि ते तुरुंगात एका घोंगडीत झोपलात. तुला ताप आला तेव्हा त्यांनी घोंगडी तुला दिली आणि आपण थंडीत कुडकुडत बसले, हे तूच आम्हाला शंभरदा सांगितलंस. परवा मास्तर बाजारात भेटले. अनामत गेली, चप्पल तुटलेली, पण चेहरा उजळलेला. म्हणाले, "परशुराम, तुमच्या पाड्यात माझं एक माणूस आहे. कोण ते मला ठाऊक नाही, पण आहे."

हे वाक्य चावडीत वाचून दाखव.

परशुराम


ठाणे, १९ मार्च १९५२

नाथादादा,

तीन आठवडे झाले, उत्तर नाही. उत्तर नाही हेही उत्तरच, असं वासंती म्हणते. ती शांत आहे. मी नाही.

काल पाड्यावरचा रतन भेटला. पाणी भरायला जया रोज खाडीपलीकडे जाते. वराकडची माणसं विचारू लागली आहेत, की ज्या घरात धवलारीण येत नाही त्या घरची पोर आम्ही कशी आणावी? म्हणजे लग्न मोडायच्या वाटेवर आहे. ही तुमची न्यायबुद्धी! गुन्हा आईचा, तोही झाला की नाही देव जाणे, आणि शिक्षा पोरीला.

मी आता काय करतो ते ऐक. ज्या कायद्याविरुद्ध मी बोललो होतो, त्याच कायद्याखाली मी तुझ्यावर आणि चार पंचांवर फिर्याद लिहिली आहे. माझ्या हाताला ती लिहिताना किती जड गेलं ते तुला कळणार नाही. वाचनालयातले टाळ्या वाजवणारे आता मला हसतील आणि त्यांना हसू दिलं पाहिजे. रविवारी आवडीचा अंगठा घ्यायला येतो. तुझी पायरी चढणार नाही, बांधावरून परस्पर तिच्याकडे जाईन.

एकच आठवण देतो. मी तेव्हा पंधराचा होतो, आवडी बारा-तेरा वर्षांची. आपल्या अंगणात मीठ शिजवलं म्हणून फौजदार आला. तुझ्याबरोबर कोण कोण होतं ते त्याने विचारलं. तू म्हणालास, "मना म्हायत हाय, पन मी नाय सांगाचा." त्याने काठी चालवली. तुझ्या डाव्या हाताचं बोट आजही वाकडं आहे. तू नावं सांगितली नाहीस. आवडी दाराआडून बघत होती.

बावीस वर्षांनी तिने तुलाच तुझं उत्तर दिलं आणि तुला ते ओळखू आलं नाही. फौजदाराच्या जागी बसल्यावर कान असेच होतात काय रे?

परशुराम


ठाणे, २४ मार्च १९५२

प्रिय दादा,

हे पत्र चावडीत वाचायचं नाही. घरी जा, दार लावून घे, आणि मनातल्या मनात वाच.

काल गेलो होतो. आवडी ओसरीवर सुकट निवडत बसली होती. मी फिर्याद पुढे ठेवली, शाईची डबी उघडली. ती म्हणाली, "भावाला जेलान टाकून पोरीची हलद करू? उचल तुजा कागद." मी म्हटलं, अगं, मग लग्न कसं होणार? "होल." मी म्हटलं, होल म्हणजे काय, कोण करणार, देव? मी ओरडलो, दादा. त्या बाईवर, जिच्यापायी दीड महिना मला झोप नाही, तिच्यावर मी आळीला ऐकू जाईल एवढा ओरडलो. मला सरकारचा राग आला, तुझा आला, पंचांचा आला, आणि सगळ्यात जास्त तिचा. मी म्हटलं, शब्द मोडलास तर निदान फिर्याद तरी कर, आणि मोडला नसशील तर उचलायचा होतास तो नारळ, तुझ्या बापाचं काय जात होतं?

ती सुकट निवडत राहिली. मग म्हणाली, "मी उचलला अस्ता तर नारल पुरं गेला अस्ता ना?"

मी म्हटलं, गेला असता, जाऊ द्यायचा. वरच्या आळीला गेला असता.

"आनी मंग?"

मग काय, मी म्हटलं. मग सगळ्यांत शेवटी...

तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "आपले घरचा नारल कंदी खालशी निंगालाय, परश्या?" आणि निवडलेली सुकट टोपलीत टाकत, "मताचे दिशी मी दादाला कोलंबीचा कालवन धारला व्हता. ताट तसाच परत आयला. दादानी कालवन परत धारला, असा कंदी झालाय?"

एवढंच. वर मलाच दटावलं, "मी तुला काय एक सांगितलेला नाय हां."

मी वकील आहे. रोज उलटतपासण्या घेतो. खालच्या आळीची गोष्ट मी स्वतःच्या हाताने तुला पहिल्या पत्रात लिहिली, वर खिजवलं. घोंगडीची गोष्ट दुसऱ्यात लिहिली. आणि मला काही दिसलं नाही. परतताना बांधावर मधेच बसलो. भरतीचं पाणी फुटक्या बांधातून शेतात शिरत होतं. त्या बांधासाठी पाटलाने पाड्याची मतं का बांधली असतील तेही तिथे बसल्यावर कळलं. ठाण्याहून ते दिसत नाही.

दादा, मी तुला काही विचारणार नाही. नीट ऐक, मी विचारत नाही आहे. नवा कायदा आहे, की कुणाला मत दिलं हे साक्षीच्या पिंजऱ्यातल्या माणसालाही सांगायला लावता येत नाही. तिथे मी कोण? मी फक्त एका माणसाची कल्पना करतो, त्याला नाव नाही. त्याने देवीपुढे शब्द दिला. गावाच्या पोटासाठी दिला, खोट्या मनाने नाही. मग तो एकटा पडद्याआड गेला. पुढे दोन पेट्या. एकीत गावाचा बांध. दुसरीत कुणाची तरी घोंगडी. हात कुठे गेला ते त्याचं त्याला. तो पडदा जमीनदारापासून वाचायला लावला होता असं मी तुला शिकवत होतो. पाटलालाही तो लागेल, हे मला सुचलं नव्हतं.

त्या माणसाला देवीचा नारळ दुसऱ्यांदा उचलता आला नसता. खोटं बोलून तर नाहीच. म्हणून त्याने तो स्वतःपासून जितका लांब जाईल तितका लांबून सुरू केला. आणि एका बाईने तो मधेच अडवला. पाणी सोडलं, पंगत सोडली, पोरीचं लग्न पणाला लावलं, आणि तोंड उघडलं नाही.

मला तिचा अजून राग येतो आहे. जयाचा विचार करायला नको होता? पण हे मी तिला सांगितलं तर म्हणते, "जया माजी पोर हाय, तुजी नाय."

फिर्याद मी फाडली. आता माझ्यापाशी कायदा नाही, धमकी नाही, विलायत नाही. फक्त एवढं सांगतो, की लग्न वैशाखात आहे आणि ठमाबाईचे पाय तुझ्या हातात आहेत.

तुझा,
परश्या


ठाणे, ७ मे १९५२

तीर्थरूप नाथादादास साष्टांग नमस्कार. या खेपेला कंबर आणि मन दोन्ही.

लग्नाहून परवा परतलो. वासंतीचे हात अजून पिवळे आहेत. ठमाबाईने तिला समोर बसवून, 'तुजी राह्यलेली' असं म्हणून हळद लावली आणि चार वर्षांनी आमच्या लग्नाचा धवला गायली. वासंती घरी येईपर्यंत रडत होती आणि मी तिला समजावत होतो, की नोंदणी विवाह कायद्याने पूर्ण वैध असतो. नको तेव्हा वकिली करू नका, म्हणाली.

तू सगळ्यांच्या आधी आलास. पहाटे, मांडवाला लावायची उंबराची फांदी खांद्यावर घेऊन, एकटा. पाटील मांडवात शिरला म्हटल्यावर गावकीला बैठक घ्यावीच लागली नाही. तासाभरात आळी भरली. ज्या पंचांनी बहिष्कार घातला तेच वड्यांच्या परातीपाशी पहिले. याला काय म्हणावं? एक माणूस चालला तसे सगळे चालले, आधीही आणि आताही. मला आनंद झाला आणि चीडही आली.

पण मी लिहितो आहे ते दुपारच्या गोष्टीसाठी. पंगत बसली आणि तू मधेच उठून उभा राहिलास. वाकड्या बोटाचा तो हात वर करून वाढप थांबवलंस. म्हणालास, "गावकऱ्यांनो, मना यक सांगाचा हाय. त्या मताचा..." आणि आवडी कुठून आली देव जाणे, तिने अख्खा वडा तुझ्या तोंडात कोंबला. "आदी जेव, मंग बोल!" अख्खा मांडव हसला. बहीण भावाला भरवते आहे! ठमाबाईने लगेच नवा धवला उचलला. तू डोळ्यांत पाणी आणून वडा चावत राहिलास, आणि लोकांना वाटलं, घास अडकला.

बोलण्याच्या हक्कावर मी गावोगाव व्याख्यानं देतो. माझ्या डोळ्यांदेखत तो हक्क वड्याने दाबला गेला आणि मी गप्प बसलो. उलट तुझ्या पानात आणखी एक वाढला.

नंतर मी आवडीला गाठलं. म्हटलं, अगं, त्याला बोलू का दिलं नाहीस? गाव अजून तुलाच चोर समजतं. दादाने दयेने माफ केलं असं म्हणतात. तुला राग येत नाही? ती भांडी घासत होती. म्हणाली, "दादानी एकदा नाय सांगला म्हनून मार खाल्लाय. मी बगलाय. या टायमाचा माजे वाट्याचा व्हता, तो मी खाल्ला. आता त्यो कशाला पुन्ना काढतस?"

मला राहवत नाही म्हणून सांगतो, तुला बोलायचंच असेल तर तुला कुणी अडवू शकत नाही, आवडीही नाही. तो हक्क तुझा. चावडीत उभा राहा आणि बोल, मी तुझ्या शेजारी उभा राहीन आणि पंचांशी भांडेन. पण माझ्या कानात येऊन हलकं व्हायला बघू नकोस. मी ऐकणार नाही. मी काही विचारलेलं नाही.

मारुती मास्तरांना तुझा नमस्कार सांगितला. त्यांनीही काही विचारलं नाही. फक्त म्हणाले, पाटलाला म्हणावं, थंडीत जपून राहा.

पाच वर्षांनी पुन्हा मतदान येईल. तेव्हा गाव पुन्हा नारळावर हात ठेवायला बसेल, त्याला आताच सांगून ठेव की पाटील बसणार नाही. पडद्याआड जाऊन तुझ्या हाताला वाटेल ते कर. पण बाहेर आलास की सरळ घरी जा, आणि आवडीने धाडलेलं कालवण मुकाट्याने जेव.

तुझा धाकटा,
परशुराम